शब्दांचा उंबरठा

बंगळुरूच्या रेल्वे स्थानकाबाहेर पाऊल ठेवताच कानांवर पहिली हाक पडते ती 'ऑटो'ची. पुण्या-मुंबईचा माणूस त्याच वाहनाला 'रिक्षा' म्हणतो. हा शब्द इतका आपला झाला आहे की, तो परका असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. परंतु त्याचे माहेर जपानमध्ये आहे. 'जिन' म्हणजे माणूस, 'रिकि' म्हणजे बळ आणि 'शा' म्हणजे गाडी. माणसाच्या बळावर चालणारी गाडी ती 'जिनरिकिशा'. १८६९च्या सुमारास जपानमध्ये ही गाडी प्रचारात आली आणि पुढे आशियातील अनेक शहरांत पोहोचली. प्रवासात शब्दातील 'जिन', म्हणजे माणूस, गळून पडला. नंतर गाडी ओढणारा माणूसही गेला आणि त्याच्या जागी इंजिन आले. नाव मात्र राहिले.

असे आणखीही शब्द आपल्याला ठाऊक असतात. २००४च्या डिसेंबर महिन्यात 'त्सुनामी' हा शब्द घराघरांत पोहोचला. 'त्सु' म्हणजे बंदर आणि 'नामि' म्हणजे लाट. भ्रमणध्वनीवरून आपण जी हसरी-रडकी चित्रे पाठवतो, त्यांना 'इमोजी' म्हणतात. त्यात 'ए' म्हणजे चित्र आणि 'मोजी' म्हणजे अक्षर. एकही धडा न शिकता आपल्याजवळ जपानी शब्दांची एवढी शिदोरी जमलेली असते. तरीही एखादी जपानी व्यक्ती समोर आली, तर या शब्दांच्या आधाराने तिच्याशी एक वाक्यही बोलता येणार नाही. असे का व्हावे? शब्दाचा अर्थ कळणे आणि शब्द वापरता येणे या दोन गोष्टींत कोणते अंतर असते? प्रस्तुत पाठात आपण याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. बंगळुरू-म्हैसूर मार्गावरील बिडदी येथे टोयोटा आणि मूळ मराठी असलेला किर्लोस्कर उद्योगसमूह यांच्या भागीदारीतून १९९७ मध्ये मोटारींच्या उद्योगाची स्थापना झाली. या शहरात इतरही अनेक जपानी कंपन्या आल्या. त्यामुळे येथील आणि महाराष्ट्रातील कितीतरी तरुण-तरुणी पोटापाण्यासाठी जपानी भाषा शिकतात. तिची क्षमता तपासणाऱ्या परीक्षेच्या पाच पातळ्या आहेत. त्या परीक्षेत वाचलेले आणि ऐकलेले किती समजते हे पाहिले जाते. मात्र तिच्यात तोंडी परीक्षा नसते. म्हणूनच उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेला विद्यार्थीही टोकियोत उतरल्यावर पहिल्या दिवशी गप्प होऊन जातो. त्याच्याजवळ शब्द असतात. परंतु कोणता शब्द कोणत्या क्षणी उच्चारायचा, हे त्याला ठाऊक नसते.

दाराशी शिकायचे शब्द

असे समजू या की, बंगळुरूची एक मराठी तरुणी नोकरीनिमित्त टोकियोत गेली आहे आणि एका जपानी कुटुंबात राहत आहे. जपानी घराच्या दाराशी जमिनीपेक्षा थोडी खालची अशी एक जागा असते. तिला 'गेन्कान' म्हणतात. पादत्राणे तेथे काढायची आणि मगच घरात पाऊल टाकायचे. सकाळी घरातील मुलगा शाळेला निघतो. गेन्कानमध्ये बूट चढवता चढवता तो मोठ्याने म्हणतो, "इत्तेकिमासु!" (शेवटचा उकार जवळजवळ ऐकू येत नाही.) आतून आई उत्तर देते, "इत्तेराश्शाइ!"

या शब्दांची फोड केली, तर 'इत्ते' म्हणजे 'जाऊन' आणि 'किमासु' म्हणजे 'येतो'. मुलगा म्हणतो, "जाऊन येतो" आणि आई म्हणते, "जाऊन ये." हे ऐकून त्या मराठी तरुणीला नवल वाटण्याऐवजी घरची आठवण येईल. आपल्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणणे अशुभ मानतात. निघालेला माणूस 'येतो' म्हणतो. बंगळुरूतील तिची शेजारीणही कन्नडमध्ये "होगि बर्तीनि" म्हणजे 'जाऊन येते' असेच म्हणत आली आहे आणि तिला घरातून "होगि बन्नि" असे उत्तर मिळत आले आहे. तीन भाषा परस्परांपासून दूरच्या. परंतु घरातून निघणाऱ्या माणसाविषयी वाटणारी काळजी तिन्ही भाषांनी एकाच रीतीने व्यक्त केली आहे. निघतानाच परतण्याचे वचन द्यायचे, ही ती रीत.

संध्याकाळी परत आल्यावर तोच मुलगा "तादाइमा" म्हणतो. शब्दकोशात या शब्दाचा अर्थ 'आत्ता' एवढाच सापडेल. वास्तविक 'आत्ताच परत आलो' या वाक्याचा तो उरलेला तुकडा आहे. आतून "ओकाएरि" असे उत्तर येते. आलास का, असा त्याचा भाव आहे. 'तादाइमा' हा शब्द कोशातून पाठ करणारा त्याला कालदर्शक शब्द समजतो. दाराशी ऐकणारा मात्र त्यात घरी पोहोचल्याचा सुस्कारा ऐकतो.

'थोडे' म्हणजे किती?

'चोत्तो' हा जपानी शब्द पहिल्या काही धड्यांतच येतो. त्याचा कोशातील अर्थ 'थोडे'. आता ती तरुणी आपल्या सहकारी स्त्रीला विचारते, "उद्या संध्याकाळी आमच्याकडे जेवायला याल का?" उत्तर येते, "उद्या चोत्तो..." आणि वाक्य तिथेच थांबते. तरुणी पुढच्या शब्दांची वाट पाहत राहते. परंतु पुढे काहीच येणार नसते. येथे 'चोत्तो'चा अर्थ 'थोडे' असा नाही. उद्या जमणार नाही, असे सांगणारा तो सौम्य नकार आहे.

हा अनुभव आपल्याला परका नाही. बंगळुरूत नव्याने राहायला आलो, तेव्हा बसमध्ये एक वृद्ध बाई मला म्हणाल्या, "स्वल्प अड्जस्ट माडि." संस्कृतातील 'स्वल्प' मला लगेच ओळखता आला, म्हणून मी चार बोटे सरकून बसलो. बाई तशाच उभ्या राहिल्या. त्यांना बसायला पुरेशी जागा हवी होती, हे माझ्या उशिरा ध्यानात आले. त्या वाक्यातील 'स्वल्प' जागेचे माप सांगत नव्हता. तो विनंतीची धार बोथट करत होता. आपला 'जरा' शब्द हेच काम करतो. "जरा इकडे या" म्हणणारा माणूस आपल्याला अर्ध्यावर थांबायला सांगत नसतो आणि "उद्या जरा..." असे म्हणून कोणी थांबले, तर आपणही काय ते समजतो. चोत्तो, स्वल्प आणि जरा या तिन्ही शब्दांचा खरा अर्थ मापात नसून माणसाला न दुखावण्याच्या इच्छेत आहे.

'हाइ' या शब्दाने तर पुष्कळांची फसगत होते. त्याचा अर्थ 'हो'. परंतु जपानी माणूस ऐकत असताना मधूनमधून 'हाइ, हाइ' म्हणतो, ते बहुधा संमतीदर्शक नसते. 'तुमचे बोलणे मी लक्षपूर्वक ऐकत आहे', एवढेच त्यातून कळते. अशा प्रतिसादाला 'आइझुचि' म्हणतात. या शब्दात 'परस्पर' आणि 'हातोडा' असे दोन अर्थ आहेत. लोहाराच्या भट्टीवर दोघे जण तापलेल्या लोखंडावर आळीपाळीने घाव घालतात, त्यावरून हा शब्द आला. बोलणाऱ्याचा एक घाव, ऐकणाऱ्याचा एक. तेव्हाच संभाषणाला आकार येतो. आपल्याकडे गोष्ट सांगताना आजी नातवाकडून हुंकाराची अपेक्षा करते. हुंकार थांबला की गोष्टही थांबते. आइझुचि हा तोच हुंकार होय. हे न कळल्यामुळे एखादा नवखा अभियंता वरिष्ठांच्या 'हाइ'ला मंजुरी समजून कामाला लागू शकतो आणि पुढे दोन्ही बाजूंना मनस्ताप होऊ शकतो. याउलट, दूरध्वनीवर आदराने गप्प राहून ऐकणाऱ्या भारतीय माणसाला पलीकडून पुन्हा पुन्हा "मोशि मोशि?" असे विचारले जाते. बोलणाऱ्याला वाटते, संपर्कच तुटला!

कामाच्या जागी

बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीपासून पुण्याजवळच्या चाकणपर्यंत कारखान्यांतील कामगारांना 'काइझेन' आणि 'कान्बान' हे शब्द परिचित असतात. 'काइ' म्हणजे बदल आणि 'झेन' म्हणजे चांगला. कामात सतत थोडी थोडी सुधारणा करत राहणे म्हणजे काइझेन. 'कान्बान' म्हणजे फलक. कोणता सुटा भाग केव्हा, किती हवा हे सांगणारी ती चिठ्ठी असते. हे शब्द कारखान्याच्या भिंतींवरून शिकता येतात. परंतु सहकाऱ्यांशी नाते जोडणारा शब्द भिंतीवर लिहिलेला नसतो. तो दिवस संपताना ऐकू येतो.

तो शब्द म्हणजे 'ओत्सुकारेसामा'. त्यात 'त्सुकारे' म्हणजे थकवा. काम संपवून निघणाऱ्याला उरलेले सहकारी हा शब्द म्हणतात. 'दमलात हो' या मराठी उद्गारात जी आपुलकी आहे, ती त्यात आहे. निघणारा माणूस "ओसाकिनि शित्सुरेइ शिमासु" म्हणतो, म्हणजे 'तुमच्याआधी जाण्याचा अविनय करतो'. श्रमांची दखल घेणारा 'गोकुरोसामा' असा आणखी एक शब्द आहे. पण तो वरिष्ठाने कनिष्ठाला म्हणायचा. कनिष्ठाने तो साहेबांना म्हटला, तर शब्द शुद्ध असूनही बोलणे अशुद्ध ठरते.

हाच विवेक नात्यांच्या शब्दांतही पाळावा लागतो. स्वतःच्या आईविषयी बाहेरच्या माणसाशी बोलताना 'हाहा' म्हणायचे आणि दुसऱ्याच्या आईचा उल्लेख 'ओकासान' असा करायचा. आपणही 'आमची आई' आणि 'आपल्या मातोश्री' असा भेद करतो. जपानी लोक नावापुढे 'सान' हा आदरार्थी प्रत्यय लावतात. मात्र स्वतःच्या नावाला तो कधीही लावत नाहीत. स्वतःची ओळख करून देताना नावाला 'राव' जोडणाऱ्या माणसाला आपण हसतोच की!

ताटावरचे शब्द

जेवायला बसल्यावर जपानी माणूस हात जोडून "इतादाकिमासु" म्हणतो. 'नम्रपणे स्वीकारतो', असा त्याचा अर्थ. या क्रियापदाच्या मुळाशी डोक्यावर धारण करण्याची कल्पना आहे. आपण प्रसाद कपाळाला लावून मग तोंडात घालतो आणि थोरांची आज्ञा 'शिरोधार्य' मानतो. त्यामागे हीच भावना आहे. जेवण झाल्यावर "गोचिसोसामा" म्हणतात. यातील 'चिसो' म्हणजे धावपळ. आपल्या जेवणासाठी कोणीतरी धावाधाव केली, बाजारहाट केली, चुलीपाशी उभे राहिले, याची ती कृतज्ञ जाणीव होय. 'अन्नदाता सुखी भव' असे म्हणून उठणाऱ्या मराठी माणसाला तिचे भाषांतर करून सांगावे लागत नाही. पानात भात टाकून उठणाऱ्या मुलाला आजी 'मोत्ताइनाइ' म्हणते. वाया घालवणे बरे नव्हे, ही हळहळ त्या एका शब्दात साठवलेली आहे. केनियाच्या पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी माथाई यांनी २००५ मध्ये हा शब्द ऐकला आणि पुढे तो जगभर नेला.

वाक्प्रचार : कोठे जुळतात, कोठे चकवतात

वाक्प्रचारांचा अर्थ शब्दशः घ्यायचा नसतो, हे आपण मराठीत शिकलो आहोत. जपानी भाषेतही गर्विष्ठ माणसाचे 'नाक उंच' असते. आपल्याकडे तो नाक वर करून चालतो. कपटी माणसाचे 'पोट काळे' असते. आपल्याकडे त्याच्या पोटात एक आणि ओठात एक असते. कामाचा डोंगर पडला की, जपानी माणूस म्हणतो, 'मांजराच्या पंजाचीही मदत घ्यावीशी वाटते.' आपल्याला त्या वेळी मान वर करायला फुरसत नसते. 'घोड्याच्या कानात बुद्धाचा नामजप' ही जपानी म्हण ऐकली की, 'गाढवापुढे वाचली गीता' आठवते. 'न पकडलेल्या तानुकीच्या कातड्याची किंमत मोजणे' या म्हणीत तानुकी हा कोल्ह्यासारखा दिसणारा एक प्राणी आहे. परंतु गोष्ट आपल्या 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' याचीच आहे. विहिरीतला बेडूक तर दोन्हीकडे समुद्राविषयी सारखाच अज्ञानी आहे.

परंतु सारेच वाक्प्रचार असे जुळत नाहीत. 'तिला गोड पदार्थांबाबत डोळा नाही', असे जपानी वाक्य आले, तर तिला गोड आवडत नाही असा तर्क आपण करू. खरा अर्थ नेमका उलट आहे. गोड दिसले की तिला दुसरे काही दिसतच नाही! 'तो मान झाला' याचा अर्थ 'त्याची नोकरी गेली' असा होतो. असे वाक्प्रचार अनुमानाने सुटत नाहीत. ते कोणाच्या तरी तोंडून, प्रसंगासह ऐकावे लागतात.

एक जुनी ओळख

मराठी विद्यार्थ्याला जपानी भाषेत आणखी एक ओळखीची खूण सापडते. जपानी अक्षरमालेतील स्वर 'अ, इ, उ, ए, ओ' या क्रमाने येतात आणि पुढच्या ओळी 'क, स, त, न, ह, म, य, र, व' अशा चालतात. ही मांडणी आपल्या वर्णमालेचीच आहे. सहाव्या शतकात बौद्ध धर्म जपानमध्ये पोहोचला. ७३६ मध्ये बोधिसेन नावाचे भारतीय भिक्षू तेथे गेले आणि ७५२ मध्ये नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीच्या नेत्रोन्मीलनाचा विधी त्यांच्या हस्ते झाला. बौद्ध मठांत संस्कृत अक्षरांचा अभ्यास होत असे. त्या अभ्यासातून पुढील काही शतकांत जपानी अक्षरांना हा क्रम मिळाला.

येथे चिकित्सक विद्यार्थी विचारील, "'न' आणि 'म' यांच्यामध्ये आपल्याकडे 'प' वर्ग येतो, तेथे 'ह' कसा आला?" याचे उत्तर असे की, प्राचीन जपानी भाषेत त्या जागी 'प'चाच उच्चार होता, कालांतराने त्याचा 'ह' झाला. बंगळुरूत राहणाऱ्याला हे पटवून द्यायला नको. जुन्या कन्नडमधील 'पालु' म्हणजे दूध, त्याचे 'हालु' झाले; 'पत्तु' म्हणजे दहा, त्याचे 'हत्तु' झाले; आणि 'पळ्ळि' म्हणजे खेडे, त्याचे 'हळ्ळि' झाले. मारतहळ्ळीच्या पाटीवरील 'ह' आणि जपानी अक्षरमालेतील 'ह' एकाच प्रकारच्या ध्वनिबदलाची साक्ष देतात. संस्कृत 'पात्र' हा शब्दही चीनमार्गे जपानमध्ये गेला आणि तेथे 'हाचि' म्हणजे वाडगा झाला. 'क्षण' तेथे 'सेत्सुना' झाला, 'नरक' 'नाराकु' झाला आणि 'दान' शब्दापासून आलेला 'दान्ना' दाता, यजमान अशी वळणे घेत घरधन्यापर्यंत पोहोचला. शब्दांनाही संसार असतो. ते ज्या घरी जातात, त्या घरच्या चालीरीती शिकतात.

शिकण्याची रीत

या साऱ्या विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट होते. शब्दाचा अर्थ कोश सांगतो. परंतु तो शब्द कोणी, कोणाला आणि कोणत्या वेळी म्हणायचा, हे जगणे सांगते. म्हणून नवी भाषा शिकणाऱ्याने वहीत शब्दापुढे लगेच अर्थ लिहू नये. आधी लिहावे : कोण म्हणाले? कोणाला म्हणाले? त्या वेळी काय घडत होते? अर्थ शेवटी लिहावा. पुष्कळदा तोवर तो आपोआप उलगडलेला असतो. या कामासाठी जपानलाच जायला हवे असे नाही. बंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाला भाजीवालीकडून, बसच्या वाहकाकडून आणि शेजारच्या आजींकडून कन्नड याच रीतीने शिकता येते; आणि त्या आजींनाही आपल्याकडून मराठी शिकता येते.

प्रौढ वयात भाषा शिकणाऱ्यांना सर्वांत मोठी अडचण येते ती शब्दांची नव्हे, संकोचाची. चुकलो तर लोक हसतील, या भीतीने माणूस तोंडच उघडत नाही. जपानी भाषेत 'शिकिइ गा ताकाइ' असा एक वाक्प्रचार आहे. 'उंबरठा उंच आहे' असा त्याचा शब्दार्थ. ज्याच्याकडे बरेच दिवस जाणे झाले नाही किंवा ज्याचे देणे राहून गेले आहे, त्याच्या घरी जाताना पाय अडखळतो, त्या मनःस्थितीला हा वाक्प्रचार योजतात. उंबरठा खरोखर उंच नसतो. आपल्या मनातील ओशाळेपणाने तो उंच वाटतो. शिक्षण मध्येच सुटलेल्या आणि पुन्हा पुस्तक हाती घेतलेल्या माणसाला हा उंबरठा चांगला ओळखीचा असतो.

त्यावरचा उपायही जपानी घराच्या दारातच सापडतो. पाहुणा दाराशी उभा राहून आत हाक मारतो, "गोमेन कुदासाइ!" आपल्याकडच्या 'घरात आहे का कोणी?' यासारखीच ही हाक. परंतु शब्दांचा अर्थ आहे 'क्षमा असावी'. नव्या भाषेच्या दाराशी आपणही असेच उभे राहावे. होणाऱ्या चुकांची क्षमा आधीच मागावी, आणि आत जावे.